वाहत्या पाण्यातला कंद

परवा जावयांनी पुस्तकातून वाचून दाखवलं, की आदिमानव रानटी होता, त्याला बुद्धी बेताचीच होती आणि आजचा माणूस कुठल्या कुठे पुढे गेला. जावई शाळेत शिकवतात. मी त्यांचा मान ठेवते, पण हे मी ऐकून घेणार नाही.

एका वर्षी पावसाने दगा दिला आणि आमच्या सौंदडच्या घरातली तांदळाची कोठी रिकामी झाली. माझी मुलगी तेव्हा नुकती चालू लागली होती. भुकेने तिने रडणंही सोडलं, तेव्हा मी घाबरले. माझं माहेर जंगलाकाठचं. पहार घेऊन गेले आणि कडू कंद खणून आणले. ते विषारी असतात, तसेच खाल्ले तर माणूस जातो. सासऱ्यांनी अंगणातच अडवलं.

"काऊन आणलंस हे? रानटी माणसायचं खाणं. आपल्यासारख्या तलाव बांधणाऱ्यायच्या चुलीवर हे चढणार नाही."

"मग मी बाहेर तीन दगड मांडीन, मामाजी."

नातीकडे बघून ते जरा नरमले. म्हणाले, निदान आपल्या तलावात तरी धू. वाडवडलांनी बांधलेल्या त्या तलावावर त्यांचा देवाहून जास्त भरवसा. तळाशी डबकं उरलं होतं आणि गुरं तेच पीत होती.

"थांबलेल्या पाण्यात इख जात नाही," मी म्हटलं. "अन् गुरं मरतीन ते वेगळंच."

सुनेने असं उलट बोलायची रीत नव्हती. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

कंदाच्या पातळ चकत्या करून टोपली रानातल्या नाल्याच्या अजून वाहत्या बारीक धारेत बांधली. रोज एक चकती शिजवून जिभेच्या टोकाला लावायची. जीभ चरचरली की टोपली पुन्हा धारेत. तोवर रानपाला उकळलेल्या पाण्यावर पोरीला कशीबशी धरून ठेवली. चरचर थांबली तेव्हा आधी मी खाल्लं, दिवसभर वाट पाहिली आणि मग तिला भरवलं.

ही युक्ती पहिल्यांदा कुणी काढली असेल? कितीतरी जण मेले असतील आणि उरलेल्यांनी हाय न खाता पुन्हा करून पाहिलं असेल. आम्ही मात्र कोठी रिकामी झाली की आभाळाकडे बघत बसतो.

जावयांना मी एवढंच म्हटलं, "शाळेत काय शिकवाचं ते शिकवा. पण माह्या घरात त्या आदिमानवायले बेअक्कल म्हणू नका. त्यायच्याच अकलेवर जगलेली पोरगी तुम्हाले जेवण वाढून राहिली."