नवसाआधीचा मलिदा

जगात कौतुक करण्यासारखं काही असतं, हे पनवेलच्या डेबोराबाईंना साठ वर्षांत कोणी पटवू शकलं नव्हतं. टेलिफोन खात्यात हयात गेली, तिथे एकजात सगळ्या साहेबांना नावं ठेवली. भावंडं इस्राएलला गेली, त्यांनाही ठेवली. एकुलती एक शेरॉन पार लक्षद्वीपच्या बाजूला, कुठल्याशा वाळूच्या बेटावर राखीव समुद्र सांभाळायला गेली, तेव्हा तर बाईंच्या जिभेला धारच चढली. "करंज्याच्या बंदरावर मासे टोपलीत लोळतात, आणि हिच्या माशांना म्हणे पहारा!"

लेकीला परत आणायचंच, या इराद्याने बाई नवीन पनवेलच्या सहल मंडळाबरोबर निघाल्या. पनवेलच्या एका शाळेत तिच्यासाठी जागाही बघून ठेवली होती. शेरॉन घरी आली की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन, असा नवस बोलल्या होत्या. नवसाचा मलिदा नवस फळल्यावर करतात, हे त्यांच्या बेने इस्राएल ज्यू समाजात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाईंना स्वतःच्या शब्दाची भारी खात्री. गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे त्यांनी मुक्कामावरूनच डबा भरून आणले.

बेटाकडे निघालेल्या बोटीत शेरॉनने सगळ्यांना बजावलं, "पाण्यात काही टाकायचं नाही. माशांना खायला घालायचं नाही. कोणी घातलं तर बोट तिथूनच मागे फिरेल."

"हेच का तुझं बेट?" बाईंनी नाक मुरडलं. "आमच्या सोसायटीचं पार्किंग मोठं आहे याहून." मग त्यांनी प्रार्थना पुटपुटून मलिदा वाटायला घेतला.

"मम्मी, नवसाचा ना हा? पण मी अजून घरी कुठे आलेय?"

"येशील. खा मुकाट्याने."

शेजारी अविनाश नावाचे गृहस्थ होते. सगळ्या देवांचं सगळं कळणारे. त्यांनी मूठभर मलिदा कपाळाला लावला आणि "आधी समुद्राला नैवेद्य" म्हणत खुशाल पाण्यात सोडला. निळे-पिवळे मासे झुंबड करून वर आले, तसे हे महाशय फोन काढून फोटोही घ्यायला लागले.

"बोट मागे घ्या," शेरॉन नावाड्याला म्हणाली.

बाई उडाल्याच. "अगं, मी तुझी आई! मी अजून वाळूला पाय लावला नाही!"

"नियम सगळ्यांना सारखा, मम्मी." शेरॉनने नावाड्याला पुन्हा हात केला आणि बोट फिरली.

धक्क्यावर उतरताना बाईंच्या देखतच अविनाशरावांची टकळी सुरू होती. "चिमूटभर पोह्यांनी काय समुद्र नासतो? उर्मट पोरगी! आईबापांनी काही वळण लावलेलं दिसत नाही."

"माझी मुलगी आहे ती," डेबोराबाई कडाडल्या. "आणि वळण तुम्हाला नाही, म्हणून मी इथे धक्क्यावर उभी आहे."

मग बाजूला जाऊन त्यांनी पनवेलला शाळेत फोन लावला.

"ती जागा दुसऱ्या कोणाला द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीला नोकरी आहे."