चावायचं पाणी

"आज सपनात काय प्यालासा?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस दुपारच्या झोपेतून जागा होऊन डोळे चोळायला लागला, की मावशी हे विचारायच्या. एका हातात सुया टोचलेल्या, दुसऱ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा, अंगावर गळ्यापर्यंत चादर. हलवता यायची ती फक्त मान. ती वळवून त्या असं विचारायच्या, जणू समोरचा माणूस नुकताच गावाहून आलाय आणि तिकडची खबरबात ऐकायची आहे.

डायलिसिसच्या खोलीत तुम्ही कधी दुपारचे बसला असाल तर तिथली झोप तुम्हाला ठाऊक असेल. मशीनं एका सुरात गुणगुणत असतात. पडदे अर्धे ओढलेले. बाहेर सांगलीचं ऊन, आत एसीचा गारवा, आणि माणसं ना धड झोपेत, ना धड जागी, मधल्याच कुठल्या तरी काठावर पडलेली. या काठावरची स्वप्नं बहुतेक एकाच जातीची असतात. पाण्याची. किडनी थकलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि चहा, आमटी, ताक, सगळं त्याच मापात धरायचं. मी अशाच एका खोलीत सिस्टर म्हणून काम करते. माझं माहेर पाटणचं. कोयनेच्या काठी लहानाची मोठी झाले, त्यामुळे तहान म्हणजे काय हे मला या खोलीतच कळलं.

मावशींनी विचारलं की लोक सांगायचे. कोणी आलं घातलेला उसाचा रस प्यालेलं असायचं, कोणी लग्नातला मठ्ठा. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त गुरुजी असायचे, मूळचे औंधचे. ते चष्मा लावून, घसा साफ करून सांगायचे, "औंधच्या तळ्याचं. ओंजळीनं."

"आन् मी वारणेत पडलो हुतो," मावशी म्हणायच्या. आमच्याकडच्या पुष्कळ बायका बोलतात तशा त्या स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणत. "त्वांड उघडं ठिवूनच पडलो. म्हटलं, जाईल तेवढं जाऊंदे पोटात."

मग खोलीत हसू पसरायचं. कोरड्या ओठांचं हसू, जपून हसलेलं.

मावशी शिराळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. घरचा ऊस, मुलगा शेती बघणारा. मिस्टर फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. ठरलेल्या दिवशी दोघं एसटीनं यायची. सुभेदार बाहेर बाकावर ताठ बसून राहायचे, वर्तमानपत्र घडी न मोडता वाचायचे आणि मधूनच दारातून डोकावून विचारायचे, "सिस्टर, सब ठीक?"

त्यांच्या हातात एक रुंद तोंडाचा थर्मास असायचा. त्यात मावशींच्या 'गारा' असत, म्हणजे खरवडलेल्या बर्फाचा चुरा.

या गारांची सुरुवात मात्र घोटाळ्यानं झाली. पहिल्या उन्हाळ्यात कोणीतरी त्यांना सांगितलं की तहान लागली की बर्फाचा खडा चघळावा. मावशींनी वाडगाभर बर्फ खाल्ला आणि वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. काटा बघून मी डोक्याला हात लावला.

"पाणी प्यालो न्हाई मी," त्या ठासून म्हणाल्या. "देवाशपथ. निस्ता बरफ खाल्ला."

"मावशी, बर्फ म्हणजे पाणीच की!"

त्या विचारात पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते बी खरंच. पर चावल्यावर पाणी जरा जास्तीचं वाटतंय बगा. घोट कसा, गेला की गेला. चावल्यालं पाणी मागं ऱ्हातंय."

हे मी आमच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, मापात बसवून खाऊ द्या. मावशींना तेवढं पुरे होतं. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरबाईंनाच गाठलं.

"बरफासंगं एकादं फळ खाल्लं तर चालंल का? आंबा?"

"नाही."

"फणस?"

"नाही."

"केळं?"

"अजिबात नाही."

"शहाळं तरी?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "मावशी, तुमच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडेल. थट्टा नाही ही."

"मग खायाचं काय, दगुड?"

"अननस. दोन-तीन फोडी, बारीक करून."

"अननस!" मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांत कुनी अननस कापला न्हाई. त्येला धरत्यात कुठनं?"

पण त्या शिकल्या. सांगलीच्या मंडईतून अननस घेऊन जायच्या, सुभेदार तो कापायचे. मावशी थर्मासात गारा आणायच्या आणि वेगळ्या छोट्या डब्यात अननसाचे, कीस म्हणावा इतके बारीक तुकडे. सुया काढून झाल्या की कोरड पडलेल्या घशाला त्या एक चमचा गारा आणि वर अननस घ्यायच्या, डोळे मिटून. हळूहळू डॉक्टरबाईंना विचारून दुसऱ्यांनाही चमचा-चमचा मिळायला लागला. "पाणी पिऊ नगासा, चावा," असं म्हणत त्या चमचा पुढं करायच्या. त्या गारांना गवताचा, तुळशीचा असा काही वास होता की खोलीतला औषधांचा वास घटकाभर कुठं जायचा कळत नसे.

त्या कशा करतात हे मी त्यांच्या घरी पाहिलं. नातीचं बारसं होतं. मला आग्रहाचं बोलावणं होतं, सुट्टी काढून गेले. परसात न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचं भलं मोठं बेट माजलं होतं. मावशींनी त्यातली मूठभर पाती कापली, वेणी घालावी तशी गाठ मारली आणि उकळत्या पाण्यात सोडली. वरून तुळशीची पानं, थोडा पुदिना, जराशी साखर. झाकण ठेवून पाणी निवू दिलं. मग गाळून, लिंबाचे चार थेंब पिळून ते पसरट ताटात ओतलं आणि ताट फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गेलं.

"आता ह्यांची ड्यूटी," त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी फौजेतला आपला जेवायचा काटा घेतला. थोड्या थोड्या वेळानं ते ताट बाहेर काढायचे आणि कडेला धरलेला बर्फ खरवडून मधे आणायचे. न खरवडलं तर त्याची सलग लादी होते, खरवडत राहिलं तर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे हलके, पोपटी झाक असलेले कण होतात. मधेच लाइट गेली. सुभेदार फ्रीजपाशी पाठ लावून उभे राहिले, कोणालाही दार उघडू देईनात. बारशाला आलेल्या बायका पाळण्याकडं बघायचं सोडून त्यांच्याकडं बघत होत्या.

दुपारी पाहुण्यांना वाट्या आल्या. आंब्याच्या, पपईच्या, अननसाच्या पातळ फोडी आणि त्यावर गारांचा ढीग. बारसं म्हणजे जिलेबी-बुंदी असं धरून आलेली माणसं आधी बिचकली. एक म्हातारबा म्हणाले, "ह्यो काय परकार म्हनायचा?" आणि दुसरी वाटी मागून घेतली. मावशी पदरानं वारा घेत उंबऱ्याशी बसल्या होत्या. आंब्याच्या वाट्या त्यांच्या समोरून जात होत्या. त्यांनी कोणाच्याही वाटीत डोकावलं नाही, खाणाऱ्यांच्या तोंडाकडं मात्र एकटक बघत होत्या.

निघताना सुभेदार मला वेशीपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "सिस्टर, पुण्याला जाऊन तपासणी करून आलो. माझी किडनी तिला जुळतीय."

मी आनंदानं काही बोलणार तोच ते म्हणाले, "ती न्हाई म्हनती. तुमी सांगून बघा."

त्या डायलिसिसला आल्या तेव्हा मी सांगून बघितलं. मावशी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

"सिस्टर, निम्मं आयुष्य मी त्यांची वाट बघत काढलं. तार आली की हात-पाय गळायचं. एवढ्या गोळीबारातनं त्यो मानूस अखंड घरी आला. आता मीच त्येला चिरून घिऊ?"

मी त्यांची उशी सारखी केली आणि दुसऱ्या खाटेकडं गेले.

याच सुमारास गुरुजींचं बिनसलं. पुतणीच्या लग्नात त्यांचा ताबा सुटला. मठ्ठा प्याले, सरबत प्याले, पाणी किती प्याले त्याला सुमार नाही. छातीत पाणी झालं. आणलं तेव्हा बसल्या जागी बुडणाऱ्या माणसासारखा श्वास घेत होते. त्यातून वाचले, पण नंतर खोलीत पाऊल टाकायला तयार होईनात. मुलानं अक्षरशः धरून आणलं.

"आता बास," ते मला म्हणाले. "घोटभर पाण्यासाठी लाचार होऊन जगायचं नाही मला. आजचं शेवटचं."

मी समजावत होते. डॉक्टरबाईंनी समजावलं. मुलगा बाहेर जाऊन डोळे पुसून आला. सगळे दमल्यावर मावशी मान वळवून म्हणाल्या, "गुरुजी, ह्या गारा काय आज जमल्या न्हाईत. वाईच चाखून सांगा की, काय बिघडलंय?"

मी थर्मास उघडून चमचा पुढं केला, गुरुजींनी नको-नको करत तो तोंडात घेतला. बराच वेळ जीभ फिरवत राहिले.

"पुदिना जास्त झालाय. तुळस दबली त्याच्याखाली."

"बगा! मला काय कळंना झालतं. पुढच्या खेपंला कमी घालतो. बराबर झाला का न्हाई, तेवढं तुमीच सांगा."

पुढच्या खेपेला गुरुजी आले. त्या दिवशी लिंबू जास्त झालं होतं. त्याच्या पुढच्या वेळी गवती चहा इतका उकळला होता की काढा लागत होता. गुरुजी रागावायचे. "मावशी, अहो, मागच्या वेळी सांगितलं तेवढंही ध्यानात राहत नाही?" मावशी खाली मान घालून ऐकून घ्यायच्या.

मला शंका आली. सुया काढताना हळूच विचारलं, "मुद्दाम बिघडवता काय हो?"

"हळू बोला," त्या पुटपुटल्या. "सारी हयात शिकीवन्यात गेली त्यास्नी. चुका सापडाय नगंत व्हय?"

एका दुपारी दोघंही जागे होते. बाकी खोली पेंगत होती. बाहेरच्या बाकावर सुभेदारांचा डोळा लागला होता, वर्तमानपत्र मांडीवर तसंच. दारातून ते दिसत होते. गुरुजी त्यांच्याकडं बघत म्हणाले, "मावशी, हा माणूस तुम्हाला किडनी देतोय आणि तुम्ही घेत नाही, असं ऐकलं."

"व्हय."

"माझ्या घरात कोणाची जुळली नाही." त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "जुळली असती आणि कोणी नुसतं विचारलं असतं ना, तर मी चपला न घालता पळत गेलो असतो."

मशीन संपलं, मी सुया काढल्या, कापूस दाबून धरला. मावशी रोजच्यापेक्षा सावकाश उठल्या. बाहेर जाऊन सुभेदारांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या खांद्यावर पडलेला कसला तरी कण बोटांनी उचलून टाकला.

"आवं," त्या म्हणाल्या, "पुन्याला दुखंल का वो लय?"

सुभेदार जागे झाले. प्रश्न त्यांना कळायला क्षणभर लागला. मग ते उठून उभेच राहिले. फौजेची सवय, आनंद झाला की बसवत नसे त्यांना.

ऑपरेशन पुण्याला झालं. दोघांचंही नीट पार पडलं. मावशींच्या खाटेवर मिरजेचे एक नवे पेशंट यायला लागले, अबोल. मावशी त्यानंतर आमच्या खोलीत आल्या नाहीत. येऊ नये असंच त्यांना सांगितलेलं आहे. नवी किडनी घेतलेल्या माणसानं इस्पितळाच्या गर्दीपासून लांब राहायचं असतं. त्या गावी आहेत, बऱ्या आहेत, मधूनमधून खुशाली कळते. मी त्यांना पुन्हा पाहिलेलं नाही.

पण त्यांचा पुण्याहून आलेला फोन मला आठवतो. भर दुपारी आला. मावशींचा आवाज ऐकून मी जवळजवळ ओरडलेच. पेंगणारी खोली जागी झाली. गुरुजी म्हणाले, "सिस्टर, स्पीकर लावा, स्पीकर."

"कशा आहात मावशी?"

"बरी हाय. ह्ये बी बरं हाईत, शेजारच्याच खोलीत. पर सिस्टर, हितं येगळंच झालंय. सारखं पाणी पी म्हनत्यात. पेला रिकामा केला की दुसरा म्होरं. नव्या किडनीला पाणी लय लागतंय म्हनं."

"मग प्या की!"

पलीकडं पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घशाखाली उतरंना वो," त्या म्हणाल्या. "पेला त्वांडाला लावला की तुमी समदी दिसताय. तुमी तिकडं तहानंनं झुरायचं, आन् मी हितं घटाघटा प्यायचं? कसं वाटतंय ते!"

मग गुरुजींनी सुया नसलेल्या हातावर भार देऊन जरा वर व्हायचा प्रयत्न केला आणि फोनच्या दिशेनं म्हणाले, "मावशी, प्या. आत्ता प्या, आमच्यासमोर. आम्ही ऐकतोय."

मी फोन खोलीच्या मधोमध धरला.

पेला उचलल्याचा आवाज आला, नळीला की कशाला तरी तो लागला असावा. मग पहिला घोट. थांबून दुसरा. मग त्या सलग प्यायला लागल्या, उन्हातून आलेली माणसं पितात तशा. कोणीतरी हळूच म्हणालं, "दमानं, ठसका लागेल." माझ्या समोर सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते, मिरजेच्या त्या अबोल पेशंटनंसुद्धा. आणि मावशींच्या एकेका घोटाबरोबर गुरुजींचा सुकलेला कंठ वर जात होता, खाली येत होता.