काकांचं माय ताय

आमचे बनशंकरीचे घरमालक काका निवृत्त इंजिनिअर. रविवारी दुपारी ते गच्चीवर, माझ्या खोलीसमोर, माय ताय नावाचं रमचं जालीम पेय बनवतात. दोन प्रकारच्या रम, संत्र्याची दारू, लिंबू आणि बदामाचं सरबत, सगळं खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून. सरबत बाजारचं चालत नाही, बदाम भिजवून, सोलून घरीच वाटतात. बर्फ टॉवेलात गुंडाळून वरवंट्यानं फोडायला लागले की खालून काकू ओरडतात, "अहो, त्यानं उद्या चटणी वाटायचीय!" काका कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणतात आणि आणखी जोरात हाणतात.

मी आठवीतून शाळा सोडलेला, चिकपेटेत कापडाच्या दुकानात कामाला. परवा काकांनी त्यांच्या ऑफिसच्या जुन्या दोस्तांत मलाही बसवलं. दारूला मी कधी शिवलेलो नाही. पण नाही म्हटलं तर काका दुखावतील, खोली जाईल, ही धास्ती. शिवाय साहेबलोक हसतील ते वेगळंच.

"काका, मी... म्हणजे..."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "स्वल्प थांब," म्हणाले आणि पाठमोरे झाले. मग पुदिना तळहातावर आपटून ग्लासात खोचला आणि ग्लास माझ्या हातात दिला. "याचा सगळ्यात स्ट्राँग आहे. कुणी मागायचा नाही!"

मी भीतभीत घोट घेतला. नुसतं लिंबू आणि बदाम.

"सावकाश रे बाबा!" एक साहेब घाबरून म्हणाले.

ग्लास संपल्यावर मी खोलीपर्यंत भिंत धरून गेलो. काकांच्या शब्दासाठी एवढं तरी करायलाच हवं होतं.