खाडी ओलांडायची नव्हती

भिवंडीचा पोरगा विमानात बसला म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असणार, दुबईला चालला कामाला. न्हाय. मी विमान चालवायला शिकतो. आता लगेच तुम्ही निळं आकाश, कापसाचे ढग, खाली हिरवी शेतं असलं काहीतरी बघायला लागला असाल. तेही सोडा. आमची शेतं गोडाऊनखाली गेली, आणि त्या सकाळी आकाशाचा रंग बॉयलरच्या राखेसारखा होता.

दोन सीटचं छोटं विमान. डावीकडे मी, उजवीकडे ट्रेनर मॅडम. अमरावतीच्या, शांत बाई. नाशिकच्या बाजूनं येऊन जुहूला उतरायचं होतं. मुंबई बेट आहे हे शाळेत घोकलं होतं, पण वरून यायला लागलं की खरं कळतं. बेटावरचं आकाश मोठ्या विमानांचं. आमच्यासारख्या मच्छरानं रेडिओवर परवानगी मागायची आणि मिळेपर्यंत बाहेर गोल गोल फिरायचं. बाहेर म्हणजे भिवंडीच्या उत्तरेला. दक्षिणेची खाडी ही हद्द.

"काही झालं तरी खाडी ओलांडायची नाही," मॅडमनी निघतानाच सांगितलं होतं. "पलीकडे उतरणाऱ्यांची रांग असते. ते आपल्याला बघून ब्रेक मारत नाहीत. आणि वाचलोच, तर लायसन माझं जाईल. तुझं अजून आलंच नाही."

नकाशाच्या स्क्रीनवर त्यांनी रुमाल टाकला होता. खाली बघून जागा ओळखायची, हीच माझी परीक्षा.

रेडिओवर कंट्रोलर म्हणाला, थांबा. त्याचा आवाज नुकतंच जेवल्यासारखा. मी लगेच नाकातून काढून दाखवला, "स्टॅन्ड बाय." मॅडमना हसू आलं. "पुढे बघ," म्हणाल्या.

पुढे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधी हायवे दिसत होता, मग त्याचा अर्धा तुकडा, मग नुसती गोडाऊनची छपरं. सगळी निळी, सगळी सारखी. दूर काहीतरी जळत होतं, त्याचा वास केबिनमध्ये आला. सूर्य होता, पण धुरात ठेवलेल्या बल्बसारखा.

"जागा सांग," मॅडम म्हणाल्या. "नसेल कळत तर रुमाल काढते."

"मॅडम, हे माझं गाव आहे."

त्यांनी रुमाल तसाच ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ठेवला, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं. आमचं घर दापोड्याला, भिवंडीच्या दक्षिणेला, खाडीच्या जरा अलीकडे. आदल्या दिवशी बाबांचा फोन आला होता. "वरशी घर दिसल का रं? पिवली ताडपत्री टाकतू गच्चीव. न्हाय दिसली त सांग, दुसरी जोरतू." आई, काकी, चुलत भावंडं, सगळे गच्चीवर उभे असणार. म्हणून प्रत्येक फेरीत मी विमान जरा जरा दक्षिणेकडे सरकवत होतो. इतकं हळू, की मॅडमना वाटावं वाऱ्यानं चाललंय.

आणि खाली पिवळं दिसलं. चौकोनी, मोठं.

"मॅडम, दापोडे. आमची गच्ची."

त्यांनी तीच जागा रेडिओवर कळवली. मी पंख हलवला, घरच्यांसाठी. पंख सरळ केला तर पुढे आणखी एक पिवळं. त्याच्यापुढे तिसरं. मग ओळच. ट्रक उभे होते, मालावर ताडपत्र्या बांधलेले. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या इलाख्यात वाढलेल्या माणसांनी पोराला खूण काय दिली, तर ताडपत्री. आणि पोरगाही तीच शोधत बसला.

म्हणजे हे दापोडे नव्हतं. कुठलं होतं माहीत नाही. खाडी मागे राहिली की पुढे आहे? पाणी आणि धूर एकाच रंगाचे. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ना माझा, ना कोणाचा. वाटलं, आता एखादं देऊळ दिसेल, पूल दिसेल, आणि न बोलता सगळं सावरेल.

रेडिओ आधी बोलला. तोच कंट्रोलर, पण जेवलेला आवाज गेला होता. आमचा नंबर घेऊन म्हणाला, ताबडतोब उजवीकडे वळा, उत्तरेला, समोर विमान आहे.

मॅडमनी विमानाचा दांडा स्वतःच्या हातात घेतला. वळताना माझ्या बाजूच्या खिडकीत, धुरात, दोन पांढरे दिवे दिसले. ते सरकत नव्हते, नुसते मोठे होत होते. मग पोटाखालची चाकं दिसली. मग आमचं विमान पूर्ण वळलं आणि खिडकीत परत राखच.

जुहूची परवानगी मिळाली नाही. आम्ही मागे फिरलो. रेडिओवर मॅडमच बोलल्या, दांडाही त्यांच्याच हातात.

उतरल्यावर मी ताडपत्र्यांचं सांगितलं. मॅडमनी इंजिन बंद केलं, हेडफोन काढला, आणि मग सुरू झाल्या.

"पहिलं चुकलं, ते ठीक. दुसरं पिवळं दिसलं तेव्हा काहून बोलला नाहीस?"

"मॅडम, वाटलं..."

"वाटलं नको सांगू. माझा आवाज काढतोस, त्या कंट्रोलरचा काढतोस, कॅन्टीनवाल्याचा काढतोस. अन् 'मॅडम, मला माहीत नाही कुठे आहे,' एवढं स्वतःच्या तोंडानं निघालं नाही? मी रुमाल काढला असता, एका सेकंदाचं काम होतं. तुझं गाव म्हणालास म्हणून मी बाहेर बघणं सोडलं. माझीच चूक. खाडी ओलांडल्याची चौकशी होईल, त्यात मी तसंच सांगणार. अन् तू हसू नको, तोंड असं का केलंस?"

"हसत नाहीये, मॅडम."

"मग उतर खाली. पुढची ऑर्डर येईपर्यंत विमानाला हात लावायचा नाही."