मढीच्या पायरीवरचा खोकला

खोकला जाईना, आणि घरात नुकतीच नात आलेली. तिला मांडीवर घ्यायची धास्तीच वाटे. दवाखान्यातून टीबीच्या तपासणीला डबी मिळाली, सकाळी खोल खोकून बेडका द्यायचा होता. नेमके त्याच सकाळी व्याही आले. ते चहा घेत असताना मी खाकरू कसा? मोठ्या सभ्यपणे तोंडातली लाळ डबीत सोडली. रिपोर्टात काही निघालं नाही, आणि मला तो आमच्या कानिफनाथांचा कौलच वाटला.

बारशाच्या आदल्या दिवशी तिसगावाहून मी आणि बायको मढीला कानिफनाथांना रेवड्या वाहायला गेलो. चढताना खोकल्यानं असं धरलं, की मी पायरीवरच बसलो. मागून येणाऱ्या एका मुलीनं पाणी दिलं. ती नगरला टीबीच्या संशोधनात कामाला होती. टीबी असला की रक्तातल्या पेशींचं काम बदलतं, त्याच्या खुणा आरएनएमध्ये दिसतात. त्यावरून रोगाचा संशय ओळखता येतो का, हे तिथं तपासत होते. तपासायला रक्त द्याल का, असं तिनं मला विचारलं.

"नाथांनी कौल दिलाय. आता रक्त दिलं तर अविश्वास नाही का होणार?"

"काका, मीही त्यांच्याच पाया पडायला आलेय."

बायको म्हणाली, "कसला कौल? डबीत काय दिलं हुतं, ते सांगा की हिला."

सांगितलं.

"लाळ व्हय?" बायको म्हणाली. "ती तर आपला बैल बी देतोय."

मुलगी हसली नाही, एवढी तिची कृपा. मी रक्त द्यायला कबूल झालो. रक्ताचं कळेपर्यंत मास्क लावा, बाळापासून लांब राहा, म्हणाली. बारसं मी अंगणातून पाहिलं. गोठ्यातली म्हैस माझ्यापेक्षा पाळण्याजवळ होती.

रक्तात संशय निघाला. मग मात्र नवी डबी घेऊन गोठ्यामागे असा खाकरलो, की म्हशीनं मान वळवली. त्या बेडक्यात टीबी सापडला. बाळाची तपासणी झाली. नात सुखरूप होती.

औषधं पुरी झाली, डॉक्टरांनी मोकळं केलं. आता नात माझ्या मांडीवर बसून मिशा ओढते. परवा रेवडीचा तुकडा घशात अडकून ठसका लागला, तर सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. त्या दिवशी मढीच्या पायरीवर, नाथांपुढं पोचायच्या आधीच माझं गाऱ्हाणं कोणीतरी ऐकलं होतं. मी मात्र काय ऐकू यावं, हे घरूनच ठरवून गेलो होतो. आता मढीला जाताना ते ठरवत नाही. नुसते हात जोडतो, आणि नातीच्या वाटच्या रेवड्याही मीच खातो. तिला अजून दात नाहीत.