तात्यांच्या तोफेचा मान

काहीही करण्याआधी तात्या विचारत, "ह्यात गुन्हा न्हाई ना?" चहात जास्तीचा गूळ टाकतानासुद्धा. मी भोरच्या कोर्टात वकिली करतो आणि उत्रोलीत त्यांच्या शेजारी राहतो, त्यामुळे दिवसातून एकदा तरी मला निकाल द्यावाच लागे.

आमच्या यात्रेत देवळापुढं दारू ठासलेल्या लोखंडी उखळीचा बार झाल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. तो बार उडवायचा मान तात्यांच्या घराचा. एका वर्षी ती जुनी उखळी तडकली आणि मान जाणार या धास्तीनं तात्यांना जेवण गोड लागेना. मग त्यांच्या अंगणात वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. मला कळलं तेव्हा दोन चाकांची लोखंडी तोफ तयार होती. नेमकं याच वेळी त्यांनी विचारलं नव्हतं!

"तात्या, ह्यात गुन्हा आहे," मी म्हणालो. "तोफ बनवायला शस्त्राचा परवाना लागतो. आणि तोफेची दारू घरी करणं, साठवणं, त्याला स्फोटकांचा कायदा वेगळा."

"देवाचं काम हाय वो!"

"कायद्यात देवाला सूट नाही."

"आन केवढीशी हाय ती!"

"लहान-मोठी कुणी बघत नाही. बार उडेल का, तेवढंच बघतात. आपण पोलिसांना रीतसर विचारू."

तात्यांनी त्यातलं फक्त 'विचारू' ऐकलं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहून, हार घालून त्यांनी तोफ टेम्पोत चढवली आणि थेट पोलीस ठाण्यापुढं उतरवली. तोंड दाराकडं! हवालदार हातातला चहा टाकून आत पळाला. मी काळ्या कोटात धापा टाकत पोचलो, तर तात्या हात जोडून म्हणत होते, "सायेब, पूजा करून आणलीया. बगून घ्या, ह्यात गुन्हा न्हाई ना?"

"आजोबा, गुन्हा दारात आणून विचारणारे तुम्हीच पहिले," साहेब हसू दाबत म्हणाले. दारूचा कण नव्हता, बार कधी उडाला नव्हता, माणूस आपणहून आला होता. मीही जीव तोडून बोललो. शेवटी ठरलं, तोफेचं तोंड आणि बत्तीचं भोक कायमचं बुजवायचं, मग ती नुसती शोभेची वस्तू. तात्यांनी साहेबांच्या डोळ्यांदेखत स्वतः वेल्डिंग केलं. "मुकी केली वो पोरीला," म्हणाले आणि डोळे पुसले.

यात्रेत भोई पालखीला हात लावून थांबले. मुक्या तोफेशेजारी तात्या उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "धडाड्-धूम!" देवळावरची कबुतरं उडाली, पालखी उठली. तात्या लगेच माझ्याकडं वळले. "ह्यात गुन्हा न्हाई ना?"

"निर्दोष सुटका!" मी म्हणालो. पुढची कितीतरी वर्षं बार असाच होत राहिला.

यंदा तात्या नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हतं. भोई वाकून ताटकळले, सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. मला तात्यांची फार आठवण आली. मान इथंच संपला, असं वाटलं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तात्यांच्या पत्नी, आमच्या काकी, पुढं आल्या. जन्मभर त्यांनी या तोफेला भंगार म्हटलं होतं. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून ओरडल्या, "धडाड्-धूम!"

पालखी उठली. काकींनी पदर सावरला आणि गर्दीत मला शोधलं. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "न्हाई काकी, न्हाई."