दिल्ली किती भाकरी?

आमच्या ताडकळसच्या मुंजाजीकाकांना कुणी कोस विचारले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "कोस सरकारचे, भूक आपली," असं म्हणून ते अंतर भाकरीत सांगायचे. परभणी पायी दीड भाकर. जिंतूर चार. रेल्वेनं हैदराबाद तीन. बाया त्याप्रमाणं भाकरी थापायच्या आणि शिदोरी ना उरायची, ना कमी पडायची. काका स्वतः परभणीच्या पुढं कधी गेले नव्हते. परगावाहून आलेल्याला गाठून "किती खाल्ल्या?" एवढंच विचारायचे. तो काय बघून आला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

निजामाचं राज्य संपायला दोनेक वर्षं असतील. शेजारच्या धुरपताबाईंचा अनंता हैदराबादेत शिकला आणि त्याला दिल्लीत एका कंपनीत नोकरी लागली. बाईंना नवरा नव्हता, दुसरं लेकरू नव्हतं. त्या म्हणाल्या, "मुंजाजीभावजी किती लांब सांगत्यात ते बघू, मग ठरवू."

काका बराच वेळ बोटं मोजत बसले. "हैदराबादेहून चारशे कोस म्हनत्यात. म्हंजी पायी ऐंशी भाकरी."

"ऐंशी!" धुरपताबाई मटकन खाली बसल्या. "न्हाई जायचं."

अनंता रडकुंडीला आला. "काका, कंपनी विमानानं न्यायलीय. सकाळी हैदराबादेत बसलं की दिवस मावळायच्या आत दिल्ली."

एका दिवसात चारशे कोस ही काकांना चक्क थाप वाटली. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

"भूक कितींदा लागंल?"

"एकदा."

"मधी उतरवत्यात का?"

"नागपूरला, जरा वेळ."

"तितं लागंल?"

"न्हाई हो काका!"

त्यांच्या जागी मी असतो तर सरळ 'ठाऊक न्हाई' म्हणून मोकळा झालो असतो. पण चाळीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. काकांनी डोळे मिटले, उघडले आणि निकाल दिला, "हैदराबादेहून दिल्ली एक भाकर. घरून धरली तर चार."

धुरपताबाईंचा चेहरा खुलला. "आगं बया, जिंतूरएवढंच की! मग जाऊ द्या."

अनंता गेला. पोचल्याचं पत्र आलं. विमानात एकच भाकर खाल्ली होती. काका ते पत्र घेऊन आठवडी बाजारात दुकानोदुकानी हिंडले. वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक दुकानात नव्यानं वाचून घेतलं.

पोळा झाला, दसरा झाला. दिवाळीला जिंतूरला दिलेल्या गावच्या लेकी माहेरी आल्या. अनंताचं मात्र पत्रच आलं, रजा नाही म्हणून. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच धुरपताबाई नवं लुगडं नेसून काकांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी.

"चार भाकरी घेतल्यात. चला."

"कुटं?"

"दिल्लीला. जिंतूरएवढंच हाय न्हवं? पोरगं येईना, तर मीच जाते. तुमी सांगितलं, आता तुमीच न्या."

काका उगाच धोतराचा सोगा चाचपत राहिले. एरवी मी त्यांची टिंगल सोडत नसे, पण त्या दिवशी मला त्यांची फार कीव आली.

"वैनी," ते म्हणाले, "लांब हाय ती. लय लांब."

"किती भाकरी?"

काकांनी बोटं मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली.

धुरपताबाई ओट्यावर टेकल्या. पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसून फडकं सोडलं आणि दोन भाकरी काकांपुढं ठेवल्या.

"खावा. चार काय मला एकटीला सरायच्या न्हाईत."